वासरू कोणी उचललं

आर्डिथच्या वर्गात दर फेब्रुवारीत शब्दांची मयत निघायची. सातवीची पोरं करड्या पुठ्ठ्याची थडगी कापायची आणि एकेका थडग्यावर एकेक शब्द लिहायची. छान, खूप, जरासं, बहुतेक, गेला, आला, केलं, प्रयत्न केला. मग सगळी थडगी बुटांच्या खोक्यात भरून व्यायामशाळेमागच्या मातीत पुरायची. आर्डिथ त्या दिवशी काळा रुमाल बांधून यायची. एखादा वात्रट पोरगा पाद्र्याचा आवाज काढून प्रार्थना म्हणायचा, पोरी खोटं खोटं नाक पुसायच्या, आणि त्यानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत त्यातला एखादा शब्द निबंधात दिसला की त्याच्यावर तांबडी रेघ पडायची.

"मेलेला माणूस जेवायला येतो का?" ती विचारायची. "मग मेलेला शब्द निबंधात कशाला आला?"

पोरं हसायची, पण शिकायची. इंग्रजी ही त्यांची मायबोलीच. पण स्लेट फोर्कच्या खोऱ्यात बोलतात ती इंग्रजी वेगळी आणि वसंतातल्या सरकारी परीक्षेत विचारतात ती वेगळी. शाळेचा निकाल दरवर्षी जिल्ह्याच्या तळाला. आर्डिथ स्वतः याच खोऱ्यातली, कोळशाच्या खाणीत राबलेल्या बापाची लेक. कॉलेजात पहिल्या दिवशी तिनं तोंड उघडलं तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. तेव्हापासून तिनं शब्दांशी जो उभा दावा मांडला तो पस्तिशी गेली, पन्नाशी गेली तरी सोडला नव्हता. आपल्या पोरांना कुणी हसू नये, एवढंच तिला हवं होतं.

त्या साली वर्गात तिची भाची होती. डार्सी. धाकट्या भावाची, डेल्मरची मुलगी. घरी ती आर्डिथला आत्या म्हणायची, शाळेत बाई म्हणायची, आणि दोन्हींत कधी चुकायची नाही. मान खाली घालून बसायची, पण वाचायला दिलं की पोरीचे कान टवकारायचे.

एकदा परीक्षेच्या तयारीसाठी आर्डिथनं एक उतारा दिला. एक म्हातारा सकाळी उठतो, चहा करतो, कुंपण दुरुस्त करायला जातो, एवढंच होतं त्यात.

"याची बायको वारलीय, बाई," डार्सी म्हणाली.

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलं नाही. पण फळीवर दोन कप आहेत, आणि हा एकच विसळतो."

"मग कपांची ओळ दाखव. बोट ठेव तिच्यावर." आर्डिथनं फळ्यावर खडू आपटला. "ऐकलंत का सगळ्यांनी? हे चालतं. पण 'माझ्या आजोबांचं पण असंच झालं' हे चालणार नाही. तुमचे आजोबा उताऱ्यात नाहीत. तुम्हाला काय माहीत आहे ते मला नको. कागदावर काय आहे तेवढंच सांगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि कागदच खोटा असला तर?"

"तर लिहिणारा बघून घेईल. तू तुझा पेपर लिही."

डेल्मर आठ वर्षं घरी होता. खाणीत छताचा पत्थर त्याच्या पाठीवर आला. मेला नाही, पण कमरेखालचा सगळा जोर गेला. चालायचा, काठी घेऊन, दारापासून फाटकापर्यंत. बसला तर उठताना डोळ्यांत पाणी यायचं. पायात मोजे बायको घालायची. सरकारकडून महिन्याला अपंगत्वाचा चेक यायचा, आणि बायको रोंडा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, त्यावर घर चालायचं. चेक गेला तर घर गेलं, हे त्या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. रोंडाच्या पगारात एकतर जेवता आलं असतं नाहीतर राहता आलं असतं.

पाठीपेक्षा त्याला दुसरंच जास्त दुखायचं. रविवारी रोंडा त्याला दुकानापर्यंत न्यायची. तिथं शेगडीभोवती जुने खाणकामगार बसायचे. चांगले लोक, पण जिभेला हाड नसलेले.

"काय डेल्मर, खुर्चीला पगार वाढला का?"

"त्याचं बरंय रे. आम्ही राबून मरतो, हा बसून खातो."

डेल्मर हसायचा. घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. डार्सी ते बघायची, आणि आर्डिथ डार्सीला बघायची.

मार्चात डोंगरावरचा बर्फ वितळला, त्यावर पाऊस कोसळला आणि ओढा एका दुपारीत रस्त्यावर आला. शेजारच्या म्हाताऱ्या ओकीचं वासरू पल्याडच्या कुंपणात अडकलं. गाय अलीकडून ओरडत होती. शाळा लवकर सुटली होती, रोंडा आणि डार्सी पहिल्या बसनं घरी पोचल्या, पण आर्डिथ शाळेतच अडकली होती, नंतरच्या बसेस बंद झाल्या होत्या. तिनं स्वतः काही पाहिलं नाही. नंतर चहाच्या टेबलाशी जे कळलं ते असं, की ओकीनं दोर टाकला, रोंडा दोर कमरेला बांधून पाण्यात शिरली, वासराचा पाय तारेतून सोडवला, आणि त्याला छातीशी धरून, घसरत, पडत, परत आली. तिच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. डेल्मर काठी टेकत काठापर्यंत गेला, तिथं घसरला, आणि सगळं आटपेपर्यंत त्याला उठता आलं नाही.

"शेळीसारखं ओरडत होतं ते," रोंडा हाताला मलम लावत म्हणाली. "अंगावर मुतलं माझ्या. मी म्हटलं, मूत बाबा, पण हलू नको."

सगळे हसले. डेल्मर खिडकीबाहेर बघत होता.

नंतरच्या आठवड्यात आर्डिथनं वर्गाला निबंध दिला. आपल्या घरातला शूर माणूस. जिल्ह्याचं साप्ताहिक दरवर्षी निवडक निबंध छापायचं आणि स्लेट फोर्कच्या शाळेचा त्यात कधी नंबर लागला नव्हता. पोरांनी कच्चे खर्डे लिहिले, रिवाजाप्रमाणे शेजाऱ्याशी अदलाबदल केली, एकमेकांच्या चुका काढल्या. मग खर्डे आर्डिथकडे आले.

डार्सीचा खर्डा तिनं टेबलाशी बसून वाचला, आणि तिच्या हातातलं तांबडं पेन थांबलं. आई आणि ओकीकाकांनी वासरू ओढलं. बाबा पण आले. त्यांनी मदत करायचा प्रयत्न केला. ते जरासे पडले. मला बाबा खूप शूर वाटले कारण ते आले.

तिनं डार्सीला सुट्टीत बोलावलं.

"यातले किती मेलेत, मोज."

डार्सीनं बोट फिरवलं. "प्रयत्न केला. जरासे. खूप. आले, ते दोनदा आहे."

"मग?"

"पण बाई, ते आलेच फक्त."

"कसे आले? पाऊस होता ना? चिखल होता ना? काठी टेकत, धापा टाकत, एकेक पाऊल रेटत आले. हे सगळं कुठंय? नुसतं 'आले' म्हणजे काय, दुकानातून ब्रेड घेऊन आले?"

डार्सीला हसू आलं. तिनं खोडलं, लिहिलं, परत आणलं. आर्डिथनं पुन्हा परत पाठवलं. निबंधात माणसं फार झाली होती. ओकी, आई, बाबा, गाय.

"एका पानात एकच माणूस उभा राहतो, डार्सी. तुझा शूर माणूस कोण?"

डार्सीनं खर्ड्याचा कोपरा दुमडला. बाहेर पोरांचा चेंडू भिंतीवर आपटत होता.

"बाबा," ती म्हणाली.

"मग बाकीच्यांना बाजूला कर."

तिसऱ्या खर्ड्यात आई नव्हती. चौथ्यात दोर डेल्मरच्या कमरेला होता. पाचव्यात बाबांनी वासरू खांद्यावर घेतलं आणि छातीभर पाण्यातून ते चढ चढून वर आले. आर्डिथनं ते वाक्य वाचलं. तिला सगळं ठाऊक होतं. आठ वर्षं तिनं त्या पाठीला गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या होत्या. पण तिच्या समोर कागदावर तिचा धाकटा भाऊ सरळ पाठीनं पाण्यातून वर येत होता, जसा तो एकोणिसाव्या वर्षी यायचा, आणि तिचा हात काही तिथं रेघ मारायला धजेना. तिनं एक स्वल्पविराम दुरुस्त केला. 'ओलं' खोडून 'निथळतं' केलं. कच्चे कागद टोपलीत गेले आणि पक्का कागद साप्ताहिकाकडे गेला.

एप्रिलात निबंध छापून आला. साप्ताहिकाचा एक तरुण फोटो काढायला घरी आला तेव्हा डेल्मरनं दाढी केली होती. ओकीनं वासरू आणलं. डेल्मरनं काठी पायरीमागे ठेवली, एक हात वासराच्या मानेवर टाकला आणि तो उभा राहिला. खरं तर तो त्या वासराला टेकला होता, पण फोटोत तसं दिसलं नाही.

"असं झालं का हो खरंच?" त्या तरुणानं सहज विचारलं.

"पोरीनं लिहिलंय ना," डेल्मर म्हणाला.

ओकीनं डेल्मरकडे बघितलं, रोंडाकडे बघितलं, आणि टोपी सारखी केली. कुणाच्या घरात कशाला तोंड घाला.

रोंडानं तो अंक शाळेच्या स्वयंपाकघरात वाचला. जेवणाच्या सुट्टीत आर्डिथ ताट घेऊन रांगेत आली तेव्हा रोंडानं तिच्या ताटात घेवड्याचा डाव उलटा केला आणि म्हणाली, "मी कुठाय गं यात?"

"अगं, एका पानात किती माणसं मावणार?"

"ते मुतलेलं तरी ठेवायचंस. तेवढी तरी माझी निशाणी राहिली असती."

रोंडा हसली, आर्डिथही हसली, पण रोंडानं पुढच्या ताटाकडे लगेच तोंड फिरवलं. तिच्या तळहातांवरची नवी कातडी अजून गुलाबीच होती.

डेल्मर मात्र बदलला. त्या रविवारी दुकानात कुणी खुर्चीचं नाव काढलं नाही. शेगडीजवळची जागा त्याच्यासाठी सोडली. "छातीभर पाण्यातून रे," म्हातारे म्हणाले, "अजून दम आहे गड्यात." डेल्मर नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी बसला, मक्याचा पाव मागून घेतला, डार्सीला तिच्या शब्दांच्या यादीतले शब्द विचारले. निबंधाचं कात्रण त्यानं फ्रिजवर लावलं होतं. डार्सी येता-जाता त्याच्याकडे बघायची, आणि तो तिच्याकडे. आठ वर्षांनी घरात कुणीतरी शीळ घालत होतं. आर्डिथला वाटलं, जन्मात एक काम धड झालं आपल्या हातून.

जूनमध्ये अपंगत्वाचा चेक देणाऱ्या कचेरीचं पत्र आलं. साप्ताहिक कुणीतरी त्या कचेरीत पाठवलं होतं, खाली रेघ मारून. कोणी पाठवलं ते कळलं नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. या खोऱ्यात प्रत्येक चेकवर दहा घरांचा डोळा असतो. तपासणी होणार होती. ज्या डॉक्टरनं डेल्मरची पाठ पाहिली होती तो केव्हाच वारला होता. शहरातल्या नव्या डॉक्टरनं त्याला चार प्रश्न विचारले, वाकायला सांगितलं, तो वाकला नाही, तर डॉक्टरनं भिंतीकडे बघत विचारलं, "मुद्दाम तर नाही ना?" जुलैत चेक थांबला. वर दाद मागता येत होती. सुनावणीची तारीख ऑक्टोबरात मिळाली.

तो उन्हाळा त्या घरानं राबून काढला. रोंडा शाळा बंद असताना मोटेलात चादरी धुवायला जायची. परत आली की वाफ्यातल्या शेंगा तोडायची. आर्डिथ आणि डार्सी मागच्या ओसरीत बसून त्यांचे दोरे काढायच्या, बरण्या उकळायच्या, झाकणं पिळायच्या. बोटं हिरवी व्हायची, नखं दुखायची. गरम बरण्या गार होताना झाकणं टक टक वाजायची. डेल्मरला ओसरीतल्या खुर्चीत बसून शेंगा मोडता यायच्या. तो एका हातानं मोडायचा, दुसऱ्या हातानं खुर्चीचा दांडा घट्ट धरून ठेवायचा.

ट्रक विकला. मग शिवणयंत्र विकलं. ऑगस्टात रोंडाच्या मनगटाला सूज आली तरी ती चादरी पिळत होती.

"तू जाऊन सांग त्यांना," एका संध्याकाळी ती आर्डिथला म्हणाली. दोघी नळाखाली बरण्या धूत होत्या. "म्हणावं, मी रचलं हे. मास्तरीण आहेस, तुझं ऐकतील."

"सांगणारच आहे."

"आणि मी पण सांगणार. मी आणलं ते वासरू." रोंडानं बरणी पालथी घातली. "गंमत बघ. शाबासकी नको होती मला. आता बसून भीक मागायचीय, की बाई गं, ते मी केलं होतं."

आर्डिथनं पुढची बरणी उचलली. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं तिनं, आणि हातही दुसऱ्याचाच.

डार्सीला सांगावं लागलं की तिलाही बोलायला लागेल. पोरगी दोन दिवस जेवली नाही. मग आत्याकडे आली.

"खोटं लिहिलं म्हणून मला काही करतील का?"

"नाही गं. तो निबंध होता."

"पण तुम्ही म्हणाला होता, लिहिणारा बघून घेईल."

ते वर्गात आपण कधी म्हणालो होतो हे आर्डिथला आठवत होतं. तिनं पोरीला जवळ ओढलं. डार्सी ताठ उभी राहिली.

"काय झालं होतं ते सगळं सांग," आर्डिथ म्हणाली. "काही सोडू नकोस. बाबा पडले, ते कसे पडले, कुठं पडले. सगळं."

शेवटी तिला शिकवायला एवढंच उरलं होतं, आणि तेही चुकीचंच निघालं.

सुनावणी शहरात एका जुन्या इमारतीत होती, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती पण बंद होती. डेल्मरला वर न्यायला खूप वेळ लागला. एका पायरीवर तो थांबला, कपाळ भिंतीला टेकून, आणि वरून उतरणाऱ्या एका माणसानं त्याला वाट दिली. रोंडानं ओकीची गाडी मागून आणली होती. डेल्मरच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. अजिबात टेकू द्यायचा नाही, असं त्यानं दारातच बजावलं.

अधिकारी बाई पन्नाशीच्या, सर्दीनं बेजार झालेल्या, नीट बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. टेबलावर त्यांच्यापुढे साप्ताहिकाचं पान होतं, पिवळ्या पेनानं रंगवलेलं.

आर्डिथ आधी बोलली. वर्गात कसं शिकवतात ते सांगितलं. मेलेले शब्द, पुठ्ठ्याची थडगी. एवढं सांगताना तिचं तिलाच ते पोरकट वाटायला लागलं.

"म्हणजे 'बाबांनी वासरू खांद्यावर घेतलं' हे वाक्य तुमचं?"

"तिचं. पण मी तिला तिथवर नेलं, मॅडम. पहिल्या खर्ड्यात होतं, बाबांनी मदत करायचा प्रयत्न केला."

"तो खर्डा आहे?"

"नाही. कच्चे कागद आम्ही टाकून देतो."

बाईंनी नाकाला रुमाल लावला. "मग वाईट वाटतं सांगायला, पण माझ्यापुढे जे कागद आहेत त्यावरच मला जावं लागतं. तुम्हाला काय माहीत आहे ते मी कुठं लिहू?"

आर्डिथनं मान हलवली. हे वाक्य तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग रोंडा बोलली. उभी राहून बोलली, बसा म्हटलं तरी बसली नाही. दोर, तार, वासराचा पाय, अंगावर मुतलं तेसुद्धा. तिनं दोन्ही तळवे पुढे केले. व्रण पुसट झाले होते, तरी होते. बाई ते बघत राहिल्या. मग पान उलटून पालटून म्हणाल्या, "यात तुमचा उल्लेख नाही."

"नाहीच," रोंडा म्हणाली. "मी त्यात मावले नाही."

बाईंना तेवढं पटलं असावं. त्यांनी पिवळं पान बाजूला सारलं आणि डार्सीकडे बघितलं, आवाज खाली आणून. "तू सांग, बाळ. घाबरू नकोस."

डार्सीनं मांडीखाली हात घातले होते. आत्यानं सांगितलं होतं तसं तिनं काही सोडलं नाही.

"बाबा काठापर्यंत आले. मग त्यांचा पाय सरकला, काठी पाण्यात गेली. ते चिखलात बसले. उठायला बघत होते पण उठता येईना. आईनं हाक मारली, दोर धर म्हणून, पण दोर हाताला लागेना त्यांच्या. मग ते रडायला लागले. मोठ्यानं. ओकीकाकांनी ऐकलं, पण ते बघत नव्हते. मी पण बघत नाही असं दाखवलं. मग आई आली, वासरू सोडलं, आणि आम्ही दोघींनी बाबांना काखेत धरून उठवलं. त्यांची पँट..." ती थांबली. "त्यांची पँट बदलावी लागली."

 खाली रस्त्यावर एक ट्रक गेला. डेल्मरचा चेहरा आर्डिथला बाजूनं दिसत होता. कानाच्या पाळीपासून मानेपर्यंत तो लाल झाला होता. त्यानं आठ वर्षांत कुणाकुणाचं ऐकून घेतलं होतं, दुकानातल्यांचं, डॉक्टरचं, बायकोचं. पण आपलं रडणं पोरीनं बघितलं नव्हतं, असं तो आजवर समजत होता.

बाईंनी बरंच काही लिहून घेतलं. लिहिताना त्यांचा चेहरा मऊ झाला होता. आर्डिथनं तो बघितला. जमलं म्हणायचं. लाज गेली, पण घर राहिलं.

"मिस्टर स्टॅसी, एकच विचारते," बाई म्हणाल्या. "कागदावर तुमचं उत्तर लागेल मला. तुमच्या मुलीनं आता सांगितलं ते खरं, आणि निबंधात लिहिलं ते खोटं. असंच ना?"

 डेल्मरनं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले.

"नुसतं हो म्हणालात तरी चालेल."

त्यानं डार्सीकडे बघितलं. डार्सी त्याच्याकडे बघत नव्हती.

"माझी पोर खोटं लिहीत नाही, मॅडम," तो म्हणाला.

"डेल्मर," रोंडा म्हणाली.

"पोर घाबरलीय. घराचं काय होणार म्हणून जे शिकवलं ते बोलतेय बिचारी. रोंडाला पण ताईनंच शिकवलं." त्यानं हनुवटीनं बहिणीकडे खूण केली. "लिहिलंय तसंच झालं. वासरू मी आणलं."

"तुम्हाला याचा अर्थ कळतोय ना, मिस्टर स्टॅसी?"

"कळतोय."

"खांद्यावर घेऊन?"

"खांद्यावर घेऊन. चढावरून." आणि तो खुर्चीत सरळ झाला, पाठ न टेकता. तसं बसायला त्याला किती कळ सोसावी लागली असेल ते त्या खोलीत तिघींना कळत होतं. चौथीला दिसला तो एक सरळ बसलेला माणूस. त्यांनी तसं लिहून घेतलं.

आर्डिथ मधे बोलायला गेली. ताई गप्प बस, असं तो म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसं. बाईंनी कागद जुळवले, निकाल पोस्टानं येईल म्हणून सांगितलं, आणि पोरीला टेबलावरच्या वाटीतली गोळी दिली. डार्सीनं ती मुठीत धरली.

खाली उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. अर्ध्या जिन्यात डेल्मरचे गुडघे गेले. रोंडा त्याच्या पुढं झाली, एक पायरी खाली, पाठ त्याच्याकडे करून, आणि त्यानं तिच्या खांद्यांवर हात टाकले. तशी ती त्याला उतरवत नेऊ लागली, अंगावर त्याचं सगळं ओझं घेऊन.  आर्डिथला भावाचा इतका संताप आला होता की दिसेनासं झालं होतं, आणि त्याच वेळी त्याच्या मानेवरची घामानं चिकटलेली कॉलर सारखी करावी असंही वाटत होतं. तिनं दोन्ही केलं नाही. ती मागून काठी घेऊन उतरली.

गाडीच्या दाराशी डेल्मर दम घेत उभा राहिला. तोंड पांढरं पडलं होतं. डार्सीनं दार उघडून धरलं होतं. तो तिच्याशी हळूच बोलला, पण आर्डिथला ऐकू आलं.

"तू लिहिलंस तेच बरोबर हं. आत बोललीस ते विसरून जा."

डार्सीनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग आत्याकडे, वर्गात एखादं उत्तर चूक की बरोबर हे विचारायला बघायची तसं. आर्डिथ मास्तरीण होती. तीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं. तिला एवढंसुद्धा सांगता येईना.

रोंडानं नवऱ्याला आत बसवलं, दार लावलं आणि फिरून चालकाच्या बाजूला गेली. चावी लावण्याआधी तिनं काच खाली केली.

"हिवाळ्यात कुठं राहायचं," ती नणंदेला म्हणाली, "तेही लिहून घे आता तिच्याकडून. चांगलं लिहिते."

आर्डिथ मागच्या सीटवर भाचीशेजारी बसली. खोऱ्यापर्यंतच्या अख्ख्या वाटेत डेल्मर सरळ बसून होता, आणि त्याला कुणी टेकून बस म्हणालं नाही.